‘खराब’च्या जागी नेमकं काय लिहायचं? वाक्यं दुरुस्त करताना डोकं फिरलंय

नाशिकचा_चिवडा

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. गेले दोन महिने घरबसल्या एक काम करतोय. मशीनने लिहिलेली मराठी वाक्यं येतात, ती आपण सुधारून द्यायची, एका शीटमध्ये ४० वाक्यं. अट अशी की वाक्य नव्याने लिहायचं नाही, जो शब्द खटकतोय तेवढाच बदलायचा. ऐकायला एकदम सोपं, मी पण म्हटलं यात काय आहे, आपली मातृभाषा आहे, चहा पिता पिता होईल. आता चहा गार होतो आणि शीट तशीच असते.

या वेळची शीट म्हणजे ‘खराब’चं प्रदर्शन आहे. थोडी वाक्यं देतो, जशी आली तशी:

दूध खराब झाले.
डब्यातले शेंगदाणे खराब झाले.
पावसाळ्यात पापड खराब होतात.
उन्हाने पडद्याचा रंग खराब झाला.
लिंबू पिळून दूध खराब करा आणि पनीर गाळून घ्या.
वाईट संगतीने मुलगा खराब झाला.
आमचा टीव्ही खराब आहे.
काल केलेला केक खराब झाला.
पावसाने पिके खराब झाली.

मी आधी आळस केला, खोटं कशाला बोलू. पहिलं वाक्य दुधाचं होतं म्हणून ‘खराब’ शोधून सगळीकडे एका झटक्यात ‘नासका, नासले’ करून टाकलं आणि शीट पाठवली. तपासणाऱ्याने परत पाठवली, टीव्हीच्या वाक्यासमोर शेरा होता, ‘फ्रीजबाहेर राहिला होता का?’

याआधी ‘भेटणे’ आणि ‘मिळणे’मध्ये पण अशीच माती खाल्लीय. ‘मला नोकरी भेटली’ हे खटकलं म्हणून सरसकट भेटच्या जागी मिळ केलं, तर पुढच्या पानावर ‘स्टेशनवर मला माझी जुनी मैत्रीण मिळाली’ असं झालं, म्हणजे बिचारी हरवली होती आणि सामान कक्षात सापडली. आणि एका वाढदिवसाच्या वाक्यात चक्क ‘मिळवस्तू’.

तर प्रश्न असा की याला काही नियम आहे का, की पाठांतरच? आणि दुसरं म्हणजे ‘खराब’ हा शब्द मुळात चूकच आहे का? कारण आमची आई रोज म्हणते ‘भाजी खराब होईल रे, फ्रीजमध्ये ठेव’, आणि तिचं मराठी माझ्यापेक्षा शंभर पटीने बरं आहे.

निवृत्तबाई

अरे चिवड्या, सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं पाचवी ते सातवीला मराठी शिकवलंय मी, तेव्हा जरा लांबण लागेल, वाच सावकाश.

नियम शोधू नकोस, स्वयंपाकघरात जा आणि फडताळासमोर उभा राहा. प्रत्येक डबा उघडायचा आणि विचारायचं, कसं खराब झालं? नुसतं ‘झालं का’ नाही, ‘कसं’. मराठीला या ‘कसं’चं भारी कौतुक आहे. दूध नासतं. काही घरांत ‘फाटलं’ म्हणतात, तेही चालतं, त्यावर भांडू नये. आपण होऊन लिंबू पिळलं तर ते ‘नासवलं’, म्हणजे तुझं पनीरचं वाक्य ‘लिंबू पिळून दूध नासवा’ असं होईल. वरण, आमटी, उसळ रात्रभर बाहेर राहिली तर आंबते किंवा विटते, झाकण काढल्याबरोबर नाक सांगतं. शेंगदाणे, सुकं खोबरं, जुनं तेल खवट होतं. तांदळाला, डाळीला कीड लागते, ते किडतं. ब्रेडवर आणि नीट न मुरलेल्या लोणच्यावर बुरशी येते, ते बुरसतं. पालेभाजी पिशवीत कोंबून ठेवली की कुजते. पापड, चिवडा, कुरमुरे, बिस्किटं यांना दमट हवा लागली की ते सादळतात. सादळलेला पापड खराब नसतो बरं का, जरा उन्हात टाकला की पुन्हा कडक! म्हणजे बघ, ‘पावसाळ्यात पापड खराब होतात’ लिहिलं तर वाचणारा ते टाकून देईल, ‘सादळतात’ लिहिलं तर वाळत घालेल. एका शब्दाने पापडांचा जीव वाचतो.

आंब्याची तर वेगळीच तऱ्हा. जास्त पिकून चव गेली की आंबा ‘उतरला’, आतून पांढरट दगडासारखा निघाला की ‘साका’, आणि काळा पडून पाणी सुटलं की ‘नासका’. नासका आंबा अख्खी आढी नासवतो ही म्हण तुला माहीत असेल, आढी म्हणजे काय ते मात्र आईला विचार.

आता पडद्याचा रंग. रंग विटतो. हो, तोच विटणे, आमटीचा. जीवसुद्धा विटतो माणसाचा. एकच शब्द तीन ठिकाणी बसतो आणि तरी ‘दूध विटलं’ कुणी म्हणत नाही, आता याला नियम कुठून आणू मी? शब्दांच्याही सोयरिकी ठरलेल्या असतात, कुणाच्या घरी कुणी जायचं ते.

टीव्ही बिघडतो. मुलगाही बिघडतो, किंवा वाया जातो. तब्येत बिघडते, बेत बिघडतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने रजेच्या अर्जात ‘आजी खराब झाल्याने दोन दिवस येता आले नाही’ लिहिलं होतं, मी तो अर्ज कितीतरी वर्षं जपून ठेवला होता.

पण तुला एक माझीच चूक सांगते, कारण दुरुस्ती करणाऱ्याला ही खोड लागते. आमच्या शाळेत हंगामात ऊसतोडीवाल्यांची मुलं यायची, बीडकडची. एका मुलाने निबंधात लिहिलं, ‘सकाळी आम्ही वाळलेली भाकर खातो.’ मी लाल पेनने ‘वाळलेली’ खोडून वर ‘शिळी’ केलं आणि वर स्वतःवर खूश. मधल्या सुट्टीत पोरगं वही घेऊन आलं, म्हणालं, ‘बाई, शिळी न्हाई ती, वाळलेली हाये. शिळी कालची असती. वाळलेली आई मुद्दाम वाळवती, कालवणात चुरून खायाला, आठ दिस जाती.’ मी खाली मान घालून माझीच दुरुस्ती खोडली. त्याच्या घरात जो शब्द रोज लागायचा तो मला माझ्या ओट्यावर कधी लागलाच नव्हता.

तुझ्या आईचं बरोबर आहे. का ते सांगते पण आधी जेवून घेते.

वऱ्हाडीठेचा

बाई, नमस्कार, वाळलेल्या भाकरीचं वाचून जीव गलबलला.

पण चिवडा भाऊ, तुम्ही ते ‘नोकरी भेटली’ खटकलं म्हणून बदललं म्हणता ते मला खटकलं. मी अकोल्याचा. आमच्याकडं नोकरी भेटते, पैसे भेटते, बस भेटते, बाजारात वांगे भेटते. माझी आजी म्हणायची, ‘तुले रिजल्ट भेटला काय रे?’ अन् मैत्रीण पण भेटतेच, ते वेगळं सांगाची गरज नाही. मंग काय अख्खा वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा चुकून राह्यला काय? अन् तुमच्या मुंबईत पण सगळे ‘भेटलं’च म्हणतात की.

तुम्ही म्हणसाल हिंदीच्या ‘मिलना’मुळे झालं. हिंदीत माणूस पण मिलता अन् पैसे पण मिलते, तसं इकडं भेटणेने दोन्ही कामं सांभाळली, शक्य आहे. पण झालं ते झालं, आता ते आमचं आहे. शाळेत मास्तरांनी ‘मिळाले म्हण’ म्हणून हातावर छड्या दिल्या, छड्या मात्र भेटल्याच, मिळाल्या नाही.

म्हणून मी विचारतो, वाक्य बोलणारा कोण आहे ते शीटमध्ये लिहिलेलं असतं का? एखादा शेगावचा माणूस बोलून राह्यला असेल अन् त्याच्या तोंडी तुम्ही ‘मिळाली’ घातलं तर तुम्ही वाक्य सुधारलं नाही, माणूस बदलला. अर्ज असेल, बातमी असेल, पाठ्यपुस्तक असेल तर करा मिळाली, माझं काही म्हणणं नाही, अर्जात मी पण मिळालीच लिहितो.

अन् हो, खराबवर आमचं मत: पोयी शिळी होते, वरण आंबते, बाकी सगळं खराब होते. आम्ही लई खोलात जात नाही.

नाशिकचा_चिवडा

बाई, दंडवत. सादळणे हा शब्द माझ्या डोक्यातून पार गेलाच होता, आजी म्हणायची. टीव्ही बिघडला, रंग विटला, शेंगदाणे खवट, पापड सादळले, एवढं भरून टाकलं लगेच.

ठेचा दादा, राग मानू नका. बोलणारा कोण ते शीटमध्ये नसतं. एखाद्या वाक्यावरून अंदाज येतो, म्हणजे ‘अरे यार’ वगैरे असलं तर मी हात लावत नाही. पण मग आणखी एक घोळ आहे, ‘बोलला’चा. ‘तो मला बोलला की उद्या सुट्टी आहे’ असं वाक्य, मी म्हणाला केलं, तर तपासणारा म्हणतो बदलायची गरज नव्हती, आणि पुढच्याच शीटमध्ये तसंच वाक्य मी सोडून दिलं तर तिथे लाल! आता काय करायचं माणसाने.

आणि केकचं कुणी सांगितलं नाही. केक नासतो का?

रात्रपाळी

मी एका पेपरात डेस्कवर आहे, बावीस वर्षं रात्री अडीचला जेवतोय, त्यामुळे शिळ्या-विटलेल्याचा अनुभव दांडगा आहे.

तुझा ‘बोलला’ आधी घेतो. बोलणे म्हणजे तोंडातून शब्द काढणे, मराठी बोलतो, खोटं बोलतो, फोनवर बोलतो. काय म्हटलं ते पुढे यायचं असेल तर म्हणणे, आणि माहिती द्यायची असेल, निरोप असेल, गोष्ट असेल तर सांगणे. उद्या सुट्टी आहे ही माहिती, म्हणजे सांगितलं. पण तुझ्या शीटची अट एकच शब्द बदला अशी आहे ना, इथेच ती मार खाते. ‘तो बोलला’, ‘तो म्हणाला’ इथपर्यंत ‘तो’ जागेवर राहतो, ‘सांगितलं’ आलं की ‘तो’चा ‘त्याने’ करावा लागतो. नाहीतर ‘तो मला सांगितलं’ असं काहीतरी तयार होतं. मराठीत शब्द एकटा बदलता येत नाही, एक वीट काढली की शेजारच्या दोन हलतात. नवीन पोरं डेस्कवर येतात त्यांना पहिल्या आठवड्यात हेच सांगतो, शब्द बदललास की वाक्य पहिल्यापासून परत वाच, मोठ्याने वाच, शिपाई हसला तरी चालेल.

आणि एक गंमत, ‘आई मला बोलली’. मुंबईत याचा अर्थ आईने सांगितलं. पुण्या-साताऱ्याकडे याचा अर्थ आई रागावली, चांगलं झापलं! म्हणजे वाक्य दोन्हीकडे शुद्ध, अर्थ मात्र वेगळा. आता तू सांग, तपासणारा कुठला आहे?

पिकांचं वाक्य माझ्या अगदी जिव्हाळ्याचं. ‘पावसाने पिके खराब झाली’ अशी बातमी तालुक्यावरून आली की मी लगेच फोन लावतो, काय झालं नेमकं? पाणी साचून पिकं सडली? वाहून गेली? वाऱ्याने आडवी झाली? कापून ठेवलेल्या सोयाबीनला कोंब फुटले? गारांनी झोडपली? की पाऊस आलाच नाही म्हणून करपली? शेतकरी बातमी वाचतो तेव्हा त्याला या प्रत्येकाचा अर्थ वेगळा लागतो, नुकसान कशाने झालं यावर पुढचं पंचनाम्याचं सगळं असतं. तुझ्या वाक्यात ‘पावसाने’ आहे म्हणजे करपली बाद. सडली लिही, पण मनात ठेव की तू अंदाज बांधतोयस. मला फोन लावता येतो, तुला येत नाही.

सगळ्यात कठीण शब्द खरं तर मरणाचे. एकदा वीज पडल्याची बातमी आली, ‘दोन म्हशींचे दुःखद निधन’. लिहिणाऱ्याची काही चूक नाही, दिवसभर निधनाच्याच बातम्या लिहून हात तसा वळला होता. म्हैस दगावते. लहान मूल दवाखान्यात दगावतं. अपघातात माणसं ठार होतात, ज्येष्ठ लेखकाचं निधन होतं, झाड वठतं, विहीर आटते, दिवा मात्र विझवायचा नाही, आमच्या आजीच्या भाषेत दिवा शांत करायचा, आणि बांगडी फुटत नाही, वाढवते. आणि पुन्हा तेच, ‘दोघे ठार’ चालतं पण ‘दोघे मृत्यू’ चालत नाही, ‘दोघांचा मृत्यू’ करावं लागतं.

कुणीतरी इथे शुद्धलेखनाचे नियम वाच म्हणून सांगेल, आधीच सांगतो, मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये त्यात भर पडलेले ४, असे १८ नियम आहेत आणि ते ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार असल्या गोष्टींचे आहेत. त्यातला एकही नियम म्हशीला वाचवत नाही.

केक: केक ‘बसतो’. फुगला नाही म्हणजे बसला. करताना चुकला म्हणजे फसला किंवा बिघडला. ठेवून ठेवून गेला तर बुरशी आली. तुझ्या वाक्यातलं कुठलं ते पुढचं वाक्य दिल्याशिवाय कळणार नाही.

सुमी_न्यूजर्सी

हे सगळं इतकं ओळखीचं आहे ना! मी इथे रविवारी मराठी शाळेत मुलांना शिकवते, आमच्या मुलांचं ‘खराब’ म्हणजे ‘मेला’. फोन मेला, गाडी मेली, रिमोटचे सेल मेले. एका पोरीने निबंधात लिहिलं की ‘आजोबांची गाडी रस्त्यात मेली आणि आजोबा खूप वेळ उभे होते’, वाचून तिच्या आईच्या पोटात गोळा आला, भारतात फोन करून आजोबांशी बोलली तेव्हा शांत झाली. मी तिला ‘बंद पडली’ शिकवलं. तर पुढच्या रविवारी म्हणते, टीचर, आमचं केळं बंद पडलंय. काळं पडलंय म्हणायचं होतं तिला. शब्द अर्धा बरोबर आणला होता, म्हणून मी रागावले नाही.

आणखी एक, इथली मुलं ‘मला सर्दी मिळाली’ म्हणतात. ठेचा दादा, तुमच्याकडे सर्दी पण भेटते का?

वऱ्हाडीठेचा

नाही ताई, सर्दी होते. फुकट भेटत असती तरी घेतली नसती.

सातबारा_वाचक

मी जमिनीच्या कागदपत्रांची कामं करतो, सहसा इथे लिहीत नाही, पण ‘खराब हा शब्द चूक आहे का’ हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

सातबारा काढून बघा. क्षेत्राच्या रकान्यात लागवडीयोग्य क्षेत्र असतं आणि त्याखाली पोटखराब क्षेत्र, वर्ग अ आणि वर्ग ब. वर्ग अ म्हणजे खडक, नाला वगैरे, जिथे पीक घेता येत नाही ती जागा. वर्ग ब म्हणजे रस्ता, कालवा, पाणवठा, स्मशानभूमी असल्या सार्वजनिक कामासाठी राखलेली. आता वर्ग ब मधल्या रस्त्यात ‘खराब’ काय आहे? काही नाही, चांगला डांबरी असेल. पण शेताच्या पोटातली जी जमीन लागवडीच्या हिशेबातून वजा झाली तिला पोटखराबा म्हणायचं असं ठरलेलं आहे. शेतकरी पण तेच म्हणतो, ‘एक एकर अठ्ठावीस गुंठे, त्यात चार गुंठे पोटखराबा.’ तिथे कुणी भाषेच्या प्रेमाने ‘नापीक’ किंवा ‘निकृष्ट’ लिहिलं तर कागद परत येईल, आणि यायलाच पाहिजे.

एका टायपिस्टने एकदा खरेदीखताच्या मसुद्यात पोटखराबा हा अपशब्द वाटला म्हणून ‘पोटाचा विकार’ असं काहीतरी करून ठेवलं होतं. सही व्हायच्या आत दिसलं म्हणून बरं.

नाशिकचा_चिवडा

पोटाचा विकार! दादा, हे मी तपासणाऱ्याला पाठवतोय.

पण आता माझा गोंधळ उलटा झाला. बाई म्हणतात कसं खराब झालं ते बघ, सातबारा दादा म्हणतात खराबच बरोबर, रात्रपाळी दादा म्हणतात अंदाज बांधतोयस. बाई, तुम्ही आईचं बरोबर आहे म्हणालात आणि जेवायला गेलात ते आलाच नाहीत.

निवृत्तबाई

आले, आले. जेवण झालं, मग डोळा लागला.

तुझी आई काय म्हणते, ‘भाजी खराब होईल.’ होईल! अजून झालेली नाही. उद्या ती आंबेल, बुरसेल, की नुसतीच सुकेल हे तिला आत्ता कसं सांगता येईल? म्हणून ती मोठा शब्द वापरते, सगळ्याला पोटात घेणारा. उद्या सकाळी झाकण काढून वास घेतल्यावर ती ‘खराब झाली’ म्हणणार नाही, ‘अगं बाई, आंबली’ म्हणेल. बघ उद्या, लक्ष ठेव. कळलं नाही तोवर खराब, कळलं की नेमका शब्द. रोगाचं नाव कळायच्या आधी आपण ‘बरं नाही’ म्हणतो, तसंच हे.

म्हणून तुझ्या शीटमध्ये काय बदलायचं ते वाक्यात किती कळलंय यावर आहे. शेंगदाणे डब्यात आहेत, म्हणजे बहुतेक खवट, कीड लागली असती तर लिहिणाऱ्याने किडे दिसले म्हटलं असतं. पनीरच्या वाक्यात तर सगळंच कळलंय, तिथे ‘खराब’ ही शुद्ध चूक, कारण दूध खराब होऊ नये म्हणून कुणी लिंबू पिळत नाही आणि खराब व्हावं म्हणूनही पिळत नाही. केकचं कळत नाही, मग केकला हात लावू नकोस. ‘खराब झाला’ राहू दे. सगळ्या ४० वाक्यांत काहीतरी बदललंच पाहिजे असं वाटायला लागतं ना, लाल पेन हातात असलं की तसं होतं, म्हणून तर मी त्या पोराची भाकर खोडली.

वऱ्हाडातल्या दादांचं मला पटलं, वर्गात मात्र मीही ‘मिळाले’च करून घ्यायचे, छडी न मारता. पेपर तपासणारे त्यांच्याइतके दिलदार नसतात.

आणि हाताशी एक सोय ठेव. मोल्सवर्थचा कोश, १८५७ च्या आवृत्तीचा, आणि दाते-कर्व्यांचा १९३२ ते ३८ मध्ये सात खंडांत निघालेला महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात, नातवाने दाखवलं मला. नुसता अर्थ बघून परत येऊ नकोस, तो शब्द कुणाबरोबर हिंडतो ते बघ. फार जुने शब्द सापडले की लगेच वाक्यात घालायचे नाहीत मात्र, तुझा तपासणारा घाबरेल.

नाशिकचा_चिवडा

बाई, शीट परत आली. ४० पैकी ३७ पास. केक मी तसाच ठेवला आणि समोर ‘संदर्भ अपुरा’ लिहिलं, पास! पिके ‘सडली’ला मात्र प्रश्नचिन्ह आहे, ‘वाहून गेली नसतील कशावरून?’ बरोबर आहे त्याचं. ‘मुलगा वाया गेला’ला म्हणे ‘बिघडला’ जास्त चांगलं होतं, असेल.

आणि तिसरं लाल कुठे माहितीये? सादळले. शेरा: ‘हा शब्द ऐकलेला नाही, कृपया प्रमाण मराठी शब्द वापरा.’

निवृत्तबाई

कुठला आहे रे तो? पावसाळ्यात चार दिवस माझ्याकडे पाठव त्याला. चिवड्याचा डबा उघडा ठेवते.

वऱ्हाडीठेचा

बाई, आमच्याकडचा असेल तर राहू द्या, आम्ही त्याले ‘नरम पडला’ म्हणतो.

रात्रपाळी

चिवडा, बदलू नकोस. समोर एवढंच लिही, ‘दाते कोश बघा’, आणि पुढची शीट घे.